दोष पंपाचाच हाय

गोदूआजी नवऱ्याला बाथरूममध्ये कोंडते, ही बातमी आमच्या आळीत शिमग्याच्या आधी पेटली आणि होळी विझली तरी विझली नाही.

बातमीची मालकीण रंगूकाकी. तिचं अंगण आणि गोदूआजीचं अंगण यांच्यामध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण, त्यामुळे तिला सगळं दिसतं, न दिसलेलंही दिसतं. कोळीण टोपली उतरवून बसली की रंगूकाकी बोंबील चाचपत सुरू व्हायची. आधी श्वास आत, मग पदर तोंडावर, मग डोळे हे एवढे. "माझ्या ह्या कानांनी ऐकलं गं बाय! आतून म्हातारा ठण ठण भांडं वाजवतोय, आन् ही दाराला पाठ लावून बसलीय. उठंल तर शप्पत! नवीन बाथरूम कशाला बांधला म्हनतेस? नवऱ्याचा तुरुंग करायला!" शेवटच्या 'तुरुंगा'वर तिचा आवाज असा चिरकत वर जायचा की टोपलीपाशी टपलेलं मांजरसुद्धा दोन पावलं मागे सरायचं.

आता मी, समोरच्या घरातली, खरं सांगते. ठण ठण खरं होतं. दाराला पाठ लावून बसणं खरं होतं. बाकी सगळं उलटं. कडी आतून होती.

कडी येसाआजा, तिचा नवरा, स्वतः लावायचा. आणि गोदूआजी बाहेर बसायची ती पहारा द्यायला नव्हे. तो आत घसरला, तर पडल्याचं सगळ्यात आधी आपल्याला कळावं, म्हणून. अलीकडे तिला कानानं कमी ऐकू यायचं. दारातून येणारा आवाज पाठीला कळतो, असं ती म्हणायची. एकदा निकेतनं, तिच्या मुलानं, कडीच काढून टाकली होती. तर येसाआजानं आतून स्टूल लावलं आणि त्याच्यावर स्वतः बसला. मग आजीनंच सुताराकडून कडी परत बसवून घेतली. कडी निदान हाकेनं उघडते.

येसाजी कोण, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. नागावच्या अलीकडचं आमचं गाव. घरोघरी टाक्या आल्या त्याच्या आधी पाणी एकाआड एक दिवस यायचं, आणि ते सोडायचा ग्रामपंचायतीचा येसाजी. सायकलच्या दांडीला हातभर लांब लोखंडी चावी बांधलेली. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खड्ड्यात उतरवायची आणि दोन्ही हातांनी पिळून व्हॉल्व उघडायचा. आधी खालची आळी, मग मधली, शेवटी वरची. खालच्या आळीच्या बायका "अजून वाईच चालू ऱ्हाऊ दे रं" म्हणून ओरडायच्या, वरच्या आळीच्या "आमचा पाणी कुठं मेला?" म्हणून. तो कुणालाच उत्तर द्यायचा नाही. खालच्यांना जास्त सोडलं की वरची आळी कोरडी राहते, एवढं एकच गणित त्यानं उभ्या जन्मात केलं, आणि ते चुकू दिलं नाही.

पाणी येणार हे ठरलेलं, पण कधी येणार हे नाही. म्हणून घराघरात एकच युक्ती. नळ उघडा सोडायचा आणि खाली पातेलं उपडं घालायचं. पाणी आलं की पहिली धार पातेल्याच्या बुडावर वाजते, आणि घरातली बाई हातातलं टाकून हंडे घेऊन धावते. गोदूआजी मात्र धावायची नाही. तिचं घर वरच्या आळीच्या टोकाला. तिच्या पातेल्यावर पाणी वाजलं म्हणजे गावभर पोचलं, येसाजीचं काम संपलं, सायकल घराकडे वळली. ती आधी चहाचं आधण ठेवायची आणि मग हंडा उचलायची. पेणकडच्या मिठागरावाल्यांची ही मुलगी, लग्न होऊन इथं आली तेव्हा नवऱ्याशी काय बोलायचं हे तिला सुचायचं नाही, आणि त्याला तर त्याहून नाही. पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व पिळायचा आणि इकडे तिच्या पातेल्यावर ते ऐकू यायचं. "तेवढाच आमचा फोन," असं ती म्हणायची.

मग नवी योजना आली, स्लॅबस्लॅबवर टाक्या बसल्या, येसाआजाची चावी पंचायतीनं जमा करून घेतली. पुढे काही वर्षांनी त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी पाहुण्यांची नावं. मग आठवड्याचे वार. मग बाजारातून घरी यायचा रस्ता. परसातल्या न्हाणीत काळ्या दगडावरून घसरून त्यानं खुबा दुखावून घेतला, तेव्हा निकेत धावत आला. निकेत उरणला कंटेनर यार्डात असतो, राहायला पनवेलला. त्यानं न्हाणी बंद केली आणि घरातच नवं बाथरूम बांधून घेतलं. पाय न घसरणाऱ्या टाइल, धरायला भिंतीत स्टीलचे दांडे, बसून अंघोळ करायला स्टूल, वर शॉवर. पण टाकी शॉवरच्या डोक्यापेक्षा जेमतेम हातभर वर. त्यामुळे शॉवरमधून पाणी पडायचं ते गवंड्याच्याच शब्दांत सांगायचं तर "नाक गळल्यासारखं". म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसवला. नळ उघडला की आपोआप चालू, बंद केला की आपोआप बंद.

आठवडाभर पंप शहाण्यासारखा वागला. मग त्याचं काहीतरी बिनसलं. घुर्रर्र, टक. गप्प. जरा वेळ गेला की पुन्हा घुर्रर्र, टक. मांजराला शिंक यावी आणि अर्ध्यात अडकावी, तसा. कुणी अंघोळ करत नाही, कुणी भांडी घासत नाही, आणि भर दुपारी हा आपला घुर्रर्र, टक.

निकेतचा फोन आला. निकेत बोलतो ते असं, जणू समोरचा माणूस कंटेनर आहे आणि त्याला क्रेननं नीट उतरवून ठेवायचाय. "आई, ऐक. सिम्पल आहे. पंपाचा फॉल्ट असेल तर पंप बदलू, नो टेन्शन. पण रंगूकाकी म्हणते तू बाबांना कोंडतेस, म्हणजे बाबा परत आतून कडी लावून बसतात. ते नळाशी खेळत असतील तर मग मी बोललो ते फायनल. पनवेलचं सेंटर मी बघून आलोय, स्वच्छ आहे, चोवीस तास नर्स आहे. आत पडले तर तू दार तोडणारेस का?"

"दोष पंपाचाच हाय," गोदूआजी म्हणाली.

"नक्की?"

"मी काय तुझ्याशी खोटं बोलते व्हय?"

बोलत होती. तिला पहिल्या दुपारपासून ठाऊक होतं. येसाआजा स्वयंपाकघरातून पातेलं उचलायचा, आत जायचा, कडी लावायचा, खालच्या नळाखाली पातेलं उपडं घालायचा आणि नळ जरासाच सोडायचा. करंगळीहून बारीक धार. जास्त नाही, वरच्या आळीलाही पुरायला हवं. मग स्टुलावर बसून ऐकत राहायचा. एवढ्या बारीक धारेनं पंपाची फसगत व्हायची. पाणी जातंय म्हणून तो उठायचा, क्षणात पाइप भरला म्हणून झोपायचा, धार त्याला परत उठवायची. घुर्रर्र, टक. बऱ्याच वेळानं आतून विचारणा व्हायची, "पोचलं का वरच्या आळीला?" आणि गोदूआजी दाराबाहेरून म्हणायची, "पोचलं. अवो, च्या ठेवलाय. या आता." मग नळ बंद व्हायचा, कडी निघायची, तो बाहेर यायचा.

माझ्या हाकेला येतो. एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. जोवर तो माझ्या हाकेला येतो तोवर तो माझा आहे, पनवेलचा नाही. पण निकेतला हे कसं सांगणार? त्यापेक्षा पंप नादुरुस्त असलेला बरा.

म्हणून मुरुडहून साहिल आला. साहिल प्लंबर, वयानं निकेतएवढाच, प्रत्येक वाक्य "बघा काकी, असं हाय" पासून सुरू करणारा. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा. त्याच्या येण्याच्या आधी गोदूआजीनं पातेलं पुसून मांडणीवर ठेवलं, नळ घट्ट पिळला आणि येसाआजाला मागच्या पडवीत वाल सोलायला बसवलं.

"बघा काकी, असं हाय. पंप तर एकदम खामोश हाय."

"तू आल्यावर गप झाला. तू गेलास की सुरू होतो, लबाड मेला."

"हवा भरली असंल लाइनीत. नवीन काम हाय ना." त्यानं हवा काढली, चहा प्याला आणि गेला. दुपारी घुर्रर्र, टक.

दुसऱ्या खेपेला त्यानं पंपाजवळचा व्हॉल्व खोलला आणि आतून टाइलचा एक कपचा काढून दाखवला. "मिला चोर! हा बघा काकी, ह्याच्यामुळं व्हॉल्व पुरता बसत न्हवता. पानी परत टाकीत, पंप परत चालू." गोदूआजीला इतका आनंद झाला की तिनं त्याला बसवून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. कपचा तळहातावर घेऊन ती घरभर फिरली. मला दाखवला, कुंपणावरून रंगूकाकीला दाखवला. "हा बघ तुझा तुरुंग! एवढासा खडा हाय!" तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तिला खरंच पटलंय, सगळं या कपच्यामुळेच होतं, डोक्यात कपचा अडकला असेल तर तोही असाच काढता येईल. नंतर ती मला म्हणाली, "एक रात सुखानं झोपले बघ. मग दुसऱ्या दिशी पातेलं मांडणीवर न्हवतं."

तिसऱ्यांदा साहिल आला तो काट्याचं मीटर घेऊन. शॉवर काढून तिथं त्यानं ते बसवलं, सगळे नळ बंद केले, पाइपात दाब भरला आणि पंपाचं बटण बंद केलं. "आता बघा. भिंतीत लिकेज असलं तर काटा खाली येणार." दोघं काट्यासमोर उभी राहिली. गोदूआजी काट्याकडे अशी बघत होती जशी बाई देवळात कौलाकडे बघते. काटा हलला नाही. बराच वेळ गेला, तरी हलला नाही.

"भिंत पाक हाय काकी. पंप पन पाक हाय."

"तुझं मीटर खराब हाय."

"नवीन हाय."

"मग भिंत फोड."

साहिलला वाटलं ती चेष्टा करतेय. "काकी, टाइल नवीन हायत. निकेतभाई मला सोडनार न्हाय."

"माझ्या घरातली भिंत हाय, निकेतच्या न्हाय. हितं फोड. नळाच्या वर. पाइप हितूनच गेलाय ना? फोड म्हनते तुला!"

तिचा आवाज ऐकून येसाआजा पडवीतून उठून आला आणि दारात उभा राहिला, मुठीत वाल तसेच. साहिलनं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग छिन्नी लावली. निळ्या फुलाची टाइल पहिल्याच घावात दुभंगली. मागचं सिमेंट त्यानं हळूहळू उकरलं, पाइप दिसला, पाइपाचा सांधा दिसला. गोदूआजीनं त्याला बाजूला केलं आणि भोकात हात घातला.

"ओल हाय," ती म्हणाली. "बघ, ओल लागतेय."

तिनं हात बाहेर काढला. बोटांना कोरडी पांढरी भुकटी होती. ती चिमटीत दाबली तर उडून गेली.

"हाय ना रं ओल?"

साहिल खाली बघत म्हणाला, "थोडी हाय, काकी."

"खोटं नको बोलूस," ती म्हणाली, आणि तिथंच नव्या स्टुलावर बसली.

तेवढ्यात येसाआजा तिच्या बाजूनं आत शिरला. वाल खिशात घातले, लुंगी सावरली, उकिडवा बसला आणि खालचा नळ जरासा सोडला. पातेलं नव्हतं म्हणून त्यानं धारेखाली तळहात उपडा धरला. मीटरचा काटा सरकन खाली आला. साहिलनं हात लांब करून पंपाचं बटण दाबलं, नुसतं बघायला. घुर्रर्र, टक.

येसाआजा हातावरची धार ऐकत होता. साहिलनं आपलं सामान एकेक करून पिशवीत भरलं, शॉवर जागेवर बसवला, फुटलेल्या टाइलचे तुकडे गोळा केले. दारात येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "निकेतभाईला काय सांगू?"

"सांग, दोष पंपाचाच हाय."

तो चपला घालायला लागला. "सांगतो, पार्ट मागवलाय. रविवारी तो येतोय ना, तोवर. पुढचं तुमी बघा. अल्ला बघंल." त्या दिवशी तो चहा न घेता गेला.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे वाटीभर उसळ पोचवायला गेले. येसाआजा आत होता, पंप घुर्रत होता, गोदूआजी दाराला पाठ लावून बसली होती. तिचं तोंड बघून मला काही सुचेना. मला जे येतं तेच मी केलं. नकला. डोळे मिटून कालथा कानाला लावला आणि म्हटलं, "बघा काकी, असं हाय, पंप तर एकदम खामोश हाय!" आजी फसकन हसली. मग रंगूकाकी केली, 'तुरुंग' चिरकून. मग निकेतदादा केला, "आई, सिम्पल आहे!" आजी पदरात तोंड घालून हसत होती. म्हणाली, "माझी कर बघू."

मी पाठ दाराला टेकवली, मान जराशी वाकडी केली. "अवो, च्या ठेवलाय. या आता."

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "निकेत उद्या येनार. त्यो एकच विचारील, बाबा तुला वळखतात तरी का? मी म्हननार, माझ्या हाकेला येतो. पन पोरी, हाकेला येतो त्यो कुनाच्या?"

"तुझ्याच. दुसऱ्या कुणाच्या?"

"मग लाव पैज. तू मार हाक, हीच, माझ्या आवाजात. मी म्हनते, येल. तुझ्या हाकेला पन येल."

"नाही येणार," मी म्हटलं. मला खात्री होती. एवढी वर्षं पातेल्यावरून एकमेकांना ओळखणारी माणसं, आणि माझ्या नकलेला फसतील? "आजा लगेच म्हणतील, ही कोण कार्टी ओरडतेय."

"न्हाय आला तर मी साहिलला बोलावून सगळी भिंत फोडून घेईन, पन म्हातारा हितंच ऱ्हाईल. आन् आला, तर दोष पंपाचा न्हाय, हे मी निकेतला सांगनार. फोन तू लावायचास. माझ्यानं बटनं दाबवनार न्हाईत."

मी हात पुढे केला, तिनं त्यावर हात मारला. ती उठून भिंतीशी उभी राहिली, मी दाराला पाठ लावली. आतून पातेलं वाजत होतं. "पोचलं का वरच्या आळीला?" आजानं विचारलं.

"पोचलं," मी म्हटलं. "अवो, च्या ठेवलाय. या आता."

पातेलं वाजतच राहिलं. मला वाटलं, जिंकले. आजीकडे बघून मी डोळे मिचकावले सुद्धा. मग नळाची चक्री कुरकुरली. पातेलं थांबलं. कडी निघाली.

येसाआजा बाहेर आला. हात ओले, चेहरा काम संपवून घरी आलेल्या माणसाचा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसला. "आलो गं गोदू."

मी दारातून बाजूला झाले. त्याचं लक्ष भिंतीशी उभ्या असलेल्या बाईकडे गेलं. त्यानं लुंगीला हात पुसले, आणि घरी आलेल्या परक्या बाईशी बोलतात तसं, अदबीनं तिला म्हणाला, "उभ्या का? बसा ना. च्या होतोय, घेऊन जावा."

गोदूआजी बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला, पाव्हणीसारखी. "व्हय," ती म्हणाली. "घेते."

पैज मी हरले होते. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि मी निकेतदादाचा नंबर लावला.